खेळाचा सर्व्हर आणि पिशवीवरचा आकडा

सप्टेंबरच्या मध्यावर मंगळवेढ्याच्या बाजारपेठेत एखाद्या बी-बियाण्यांच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहून पाहा. रब्बी ज्वारीच्या पेरणीचे दिवस जवळ आलेले असतात. शेतकरी दुकानात शिरतो आणि दुकानदार त्याला पहिला प्रश्न विचारतो तो पैशाचा नव्हे. "रान कसलं हाय, काका? हलकं का भारी?" या प्रश्नाच्या उत्तरावर पिशवी ठरते. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यम रानाला फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, भारी काळ्या रानाला फुले वसुधा. मालदांडीपुढे लागलेला हा '३५-१' काही शोभेसाठी नाही. याच सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड करून जो वाण काढला गेला, त्याची ती खूण आहे. 'मालदांडी' एवढेच म्हटले तर नाव झाले. '३५-१' म्हटले म्हणजे नेमका वाण झाला.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पिढ्यान् पिढ्या इथले लोक ज्वारी निवडत आले आहेत. "सगळ्यात नवी असेल ती द्या" असे म्हणून डोळे मिटून पिशवी उचलणारा शेतकरी या गावात तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

आणि मौज पाहा, संगणकापुढे बसलो की आपण नेमके हेच करतो! याचा प्रसाद मलाही मिळालेला आहे. तीच हकीकत आज सांगतो. पण त्यासाठी आधी थोडी तयारी करावी लागेल.

खेळ एक, संगणक अनेक

माइनक्राफ्ट हा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ठोकळ्यांचे एक अफाट जग असते. माती, दगड, लाकूड यांचे ठोकळे फोडायचे, रचायचे आणि हवे ते उभारायचे. मार्कुस पर्सन या स्वीडिश तरुणाने हा खेळ २००९ साली लोकांपुढे ठेवला आणि १८ नोव्हेंबर २०११ रोजी त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली.

एकटा खेळणारा असेल तर सारे जग त्याच्याच संगणकात मावते. पण दहाजणांना एकाच जगात एकत्र खेळायचे असेल तर? रमेशने रचलेली भिंत सुमनला दिसली पाहिजे, आणि सुमनने पेटीत ठेवलेला हिरा रमेशला सापडला पाहिजे. म्हणून एक संगणक असा ठेवावा लागतो, की जो स्वतः खेळत नाही, फक्त हिशेब ठेवतो. कोणता ठोकळा कोठे आहे, कोण कोठे उभा आहे, कोणत्या पेटीत काय आहे. दर सेकंदाला वीस वेळा तो हा हिशेब पुढे सरकवतो आणि सर्वांना कळवतो. याला सर्व्हर म्हणायचे.

आता उघडच आहे, की सर्व्हर आणि खेळाडूंचे संगणक यांची बोली एक हवी. खेळाची नवी आवृत्ती निघाली म्हणजे निरोपांची मांडणी बहुधा बदलते. १.२०.४ या आवृत्तीचा खेळाडू १.२०.६ या आवृत्तीच्या सर्व्हरच्या दारात गेला, तर 'तुझी आवृत्ती जुनी आहे' असे सांगून सर्व्हर त्याला बाहेरच ठेवतो.

एवढे ध्यानात ठेवा आणि हकीकत ऐका.

वळवाचा पाऊस आणि ६५ हा आकडा

२०२४ च्या जानेवारीत मंगळवेढ्यातील काही मुलांना मी एक जुना संगणक सर्व्हर म्हणून लावून दिला. मुलांचा बेत मोठा होता. गावातला भुईकोट किल्ला आज पडझडीत आहे; तो पूर्वी कसा असेल, तशी त्याची तटबंदी ठोकळ्यांनी उभारायची! आठवीतली एक मुलगी दोरी घेऊन तटाची लांबी पावलांनी मोजून आली. एक मीटरला एक ठोकळा असे प्रमाण ठरले. चार महिने काम चालले. बुरुज चढले, दरवाजा झाला, आत कोठारे झाली आणि कोठारांत पेट्यांच्या रांगा लागल्या. पेट्यांत मुलांनी खणून आणलेला सारा माल.

सर्व्हर मी कंटेनरमध्ये चालवला होता (कंटेनर म्हणजे काय ते पुढे येईलच). त्यासाठी घेतलेल्या इमेजवर 'जावा १७' अशी चिठ्ठी होती, ती मी विचारपूर्वक निवडली होती आणि माझ्या हुशारीवर मी खूशही होतो. पण खेळाची आवृत्ती लिहायची जागा मी मोकळी सोडली.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज गेली, परत आली. संगणक सुरू झाला, पण सर्व्हर उठेना. पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच तक्रार. तिचा मथितार्थ असा: 'ही आज्ञावली ६५.० क्रमांकाच्या घडणीची आहे, मला ६१.० पर्यंतचीच घडण समजते.'

मी गावाला नव्हतो. एका मुलाने फोन केला. "सर, जावा नवा पाहिजे म्हणतोय. टाकू का?" मी दुसऱ्याच घाईत होतो. म्हणालो, "टाक." त्याने चिठ्ठी बदलून 'जावा २१' ची इमेज आणली. सर्व्हर लगेच उठला. मुले खेळायला आली, तर कोणालाच आत जाता येईना! सर्वांच्या संगणकांवर १.२०.४, आणि सर्व्हर झाला होता १.२०.६. मग त्या मुलाने आपल्या बुद्धीने खेळाची आवृत्ती '१.२०.४' अशी लिहून सर्व्हर पुन्हा सुरू केला. आता सगळे आत गेले. तट जागेवर, बुरुज जागेवर. कोठारातली पहिली पेटी उघडली, ती रिकामी. दुसरी रिकामी. तिसरी रिकामी. "सर, सगळं गेलं," एवढेच तो फोनवर म्हणाला, आणि पुढे बराच वेळ दोन्हीकडून कोणी बोलले नाही.

त्या मुलाची यात काडीचीही चूक नव्हती. चूक माझी होती. ती कोणती, हे कळण्यासाठी आता आपल्याला तीन थर उकलायचे आहेत.

दुभाष्या आणि त्याची इयत्ता

माइनक्राफ्टची ही मूळ जात जावा या भाषेत लिहिलेली आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि १९९५ साली ती प्रसिद्ध झाली. जावाची खुबी अशी, की तिच्यात लिहिलेली आज्ञावली थेट यंत्राच्या भाषेत उतरवून दिली जात नाही. तिचे एका मधल्या भाषेत रूपांतर करतात आणि ही मधली भाषा प्रत्येक संगणकावरचा एक 'दुभाष्या' त्या त्या यंत्राला समजावून सांगतो. दुभाष्या असला की तीच आज्ञावली कोठल्याही यंत्रावर चालते.

पण दुभाष्याही शिकत शिकत पुढे जातो. जावा ८ निघाली मार्च २०१४ मध्ये, जावा १७ सप्टेंबर २०२१ मध्ये, जावा २१ सप्टेंबर २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी मधल्या भाषेत काही भर पडते. म्हणून रूपांतर केलेल्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावर एक क्रमांक कोरलेला असतो: 'मी अमुक घडणीची आहे.' दुभाष्याची इयत्ता त्यापेक्षा कमी असेल, तर तो प्रामाणिकपणे सांगतो की हे मला वाचता येणार नाही. आपण त्यालाच बिघाड म्हणतो!

हा क्रमांक काढायला सोपा आहे. जावाच्या आवृत्तीत ४४ मिळवा. ८ अधिक ४४ म्हणजे ५२. १७ अधिक ४४ म्हणजे ६१. २१ अधिक ४४ म्हणजे ६५. माझ्या पडद्यावरची तक्रार आता पुन्हा वाचा. खेळ मागत होता जावा २१, आणि घरात होती जावा १७.

पण चार महिने तर तो बिनतक्रार चालला होता! मग हा खेळच मधेच का बदलला? इथेच त्या मोकळ्या सोडलेल्या जागेचा संबंध येतो. मी घेतलेल्या इमेजची पद्धत अशी, की खेळाची आवृत्ती सांगितली नाही तर दर वेळी सुरू होताना ती इंटरनेटवर पाहते आणि सर्वांत ताजी आवृत्ती उतरवून घेते. जानेवारीत ताजी होती १.२०.४. ती जावा १७ वर सुखाने चालत होती. २३ एप्रिल २०२४ रोजी १.२०.५ निघाली आणि तिच्यापासून जावा २१ ची सक्ती झाली. आठवड्याच्या आत १.२०.६ आली. माझा सर्व्हर मध्यंतरी बंदच झाला नव्हता, म्हणून मला पत्ता नाही. वीज गेली नसती तर आणखी महिनाभर पत्ता लागला नसता.

गंमत अशी, की १.२०.४ आणि १.२०.५ यांत फरक किती? शेवटच्या आकड्यात एकाचा! आज्ञावल्या लिहिणाऱ्या मंडळींत असा एक संकेत आहे, की शेवटचा आकडा वाढला तर किरकोळ दुरुस्ती समजावी, मधला वाढला तर भर, आणि पहिला वाढला तर मोठा बदल. संकेत चांगला आहे, पण सगळेच तो पाळतात असे नाही. या खेळाच्या १.२०.५ मध्ये वस्तू साठवून ठेवण्याची रीतच नवी आली. नव्या आवृत्तीने जुने जग उघडले की ती ते नव्या रीतीने लिहून काढते. आमच्या कोठाराजवळचा भाग उघडल्याबरोबर पेट्यांतील सारा माल नव्या रीतीने लिहिला गेला. मग जुन्या आवृत्तीने तीच वही उघडली, तिला वस्तूंची संख्या जिथे असायला हवी तिथे दिसली नाही, आणि तिने पेटी रिकामी धरली. दगडाची भिंत मात्र दोघींनाही वाचता आली, म्हणून तट वाचला.

ध्यानात घ्या, पुढे जाण्याचा रस्ता खेळाच्या कर्त्यांनी बांधून दिलेला असतो. मागे येण्याचा रस्ता कोणी बांधलेला नसतो.

हमालांची पोती आणि न्हावा शेवा

आता कंटेनर आणि इमेज. त्यांतील कंटेनर हा शब्द गोदीतून आला आहे. पूर्वी जहाजावर माल चढवायचा म्हणजे पोती, पिंपे, खोकी एकेक करून हमालांनी वाहायची. प्रत्येक मालाचा आकार वेगळा, म्हणून प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ पोलादी पेटारे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. पेटाऱ्यात काय आहे याच्याशी यारीला देणेघेणे नाही. पेटारा ठराविक मापाचा असला म्हणजे झाले. आपल्याकडे न्हावा शेवा येथील बंदर १९८९ मध्ये सुरू झाले ते याच पेटाऱ्यांसाठी.

संगणकातही तीच अडचण होती. एक आज्ञावली चालायची तर तिच्याबरोबर तिचा दुभाष्या, तिची ग्रंथालये (म्हणजे तयार आज्ञांचे साठे), तिची मांडणी असा सारा बारदाना लागतो. तुमच्या यंत्रावर चालते, माझ्या यंत्रावर चालत नाही, ही रड कायमची. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी अमेरिकेतील एका परिषदेत पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर नावाचे साधन दाखवले. आज्ञावली आणि तिचा बारदाना एका पेटाऱ्यात बंद करायचा आणि तो पेटारा कोणत्याही यंत्रावर तसाच उघडायचा. यामागच्या कल्पना काही नव्या नव्हत्या. एखाद्या आज्ञावलीला संगणकाचा एक कोपराच सारे जग म्हणून दाखवायची युक्ती युनिक्समध्ये १९७९ पासून होती. डॉकरने त्या कल्पना सोप्या करून हातात दिल्या.

यात दोन शब्दांचा घोळ घालू नका. इमेज म्हणजे साचा. तो बदलत नाही. त्या साच्यावरून चालू केलेली प्रत म्हणजे कंटेनर. एका साच्यातून गणपतीच्या दहा मूर्ती निघाव्या, तसे एका इमेजवरून दहा कंटेनर निघतात. मूर्ती फुटली तर दुसरी काढता येते, आणि इथेच सर्वांत मोठा सापळा आहे. मुलांचे जग कंटेनरच्या पोटात ठेवले, तर कंटेनर मोडताच तेही जाते. म्हणून जगाची फाइल कंटेनरच्या बाहेर, संगणकाच्या एका वेगळ्या कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याचे दार तेवढे कंटेनरमध्ये उघडतात. एवढे मात्र मी नीट केले होते.

चिठ्ठी आणि ठसा

इमेजांची कोठारे इंटरनेटवर आहेत. त्यांत डॉकर हब हे सर्वांत मोठे. मंगळवेढ्याला कोठार म्हटले की दामाजीपंतांची आठवण होतेच. दुष्काळात त्यांनी बादशहाच्या धान्याची कोठारे भुकेल्या लोकांना मोकळी केली, असे परंपरा सांगते. डॉकर हबही असेच मोकळे आहे, पण एक भेद आहे: तिथून कोणीही नेऊ शकतो, तसे तिथे कोणीही आणून ठेवूही शकतो. म्हणून इमेज कोणी ठेवली आहे, किती काळ तिची देखभाल चालू आहे, तिचा मूळ मजकूर उघड आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय घेऊ नये. माइनक्राफ्टच्या सर्व्हरसाठी आयटीझेडजी या टोपणनावाने ठेवलेली इमेज पुष्कळ वर्षे सांभाळली गेली आहे आणि जगभर वापरात आहे. माझीही तीच होती, आणि वरच्या हकीकतीत तिचा दोष काही नाही. ती सांगितल्याप्रमाणे वागली. मीच सांगितले नव्हते.

प्रत्येक इमेजला चिठ्ठी असते, तिला टॅग म्हणतात. 'जावा ८', 'जावा १७', 'जावा २१' या अशाच चिठ्ठ्या. काहींवर इमेज निघाल्याचे वर्ष-महिना असा आकडाही असतो. आणि एक चिठ्ठी असते 'लेटेस्ट'. काहीच सांगितले नाही तर डॉकर हीच चिठ्ठी धरतो. नावावरून ती सर्वांत नवी, म्हणून सर्वांत चांगली असावी असे वाटते. पण 'लेटेस्ट' हा आकडा नव्हे, ती जागा आहे. वर्गातल्या पहिल्या बाकासारखी. आज तिथे एक मुलगा बसला आहे, उद्या दुसरा बसेल. तुम्ही 'पहिला बाक' असे लिहून ठेवले, तर सहा महिन्यांनी तुम्हाला कोण भेटेल हे कोणी सांगावे?

ज्यांना अगदी नेमकेपणा हवा त्यांच्यासाठी चिठ्ठीहून पक्की खूण आहे. इमेजच्या मजकुरावरून गणिताने एक ठसा काढतात. तो २५६ द्विमान अंकांचा, म्हणजे सोळाच्या पद्धतीने लिहिला तर ६४ अक्षरांचा असतो. मजकुरात एक टिंब जरी बदलले तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. चिठ्ठी काढून दुसरीकडे लावता येते. ठसा लावता येत नाही. शाळेच्या सर्व्हरला एवढे सोवळे लागत नाही, चिठ्ठी पुरे. पण ठशाची कल्पना माहीत असावी.

मग निवडावी कशी?

दुकानदाराप्रमाणे आधी रानाकडे पाहावे, पिशवीकडे नंतर.

रान म्हणजे खेळाडू. त्यांच्या संगणकांवर खेळाची कोणती आवृत्ती आहे? ती ठरली की सर्व्हरची आवृत्ती ठरली, आणि ती इमेजच्या मांडणीत आकड्यानिशी लिहायची. मोकळी जागा सोडायची नाही. मग त्या आवृत्तीला जावा कोणती लागते ते पाहायचे. १.१२ पासून १.१६.५ पर्यंत जावा ८ चालते. जून २०२१ च्या १.१७ ने जावा १६ मागितली. नोव्हेंबर २०२१ च्या १.१८ पासून १.२०.४ पर्यंत जावा १७. १.२०.५ पासून जावा २१. पुढेही ही पायरी अशीच चढत जाते, म्हणून आपल्या आवृत्तीपुढे काय लिहिले आहे ते दर वेळी पाहून घ्यावे.

इथे चुणचुणीत विद्यार्थी विचारील, "सर, वरच्या इयत्तेच्या दुभाष्याला खालची भाषा येतेच ना? मग सगळीकडे जावा २१ च का लावू नये?" प्रश्न उत्तम आहे. साध्या खेळाला पुष्कळदा तसे चालतेही. पण बरेचजण खेळात भर घालणारे जोड वापरतात, त्यांना मॉड म्हणतात. फोर्ज नावाच्या चौकटीवरचे १.१२.२ साठीचे मॉड आजही लोकांना प्रिय आहेत. ही जुनी चौकट जावाच्या पोटातील एका विशिष्ट रचनेवर विसंबून होती. तसा करार कोठेही झालेला नव्हता. ती रचना तशी आहे असे पाहून तिने गृहीत धरले. जावा ९ मध्ये, २०१७ साली, ती रचना बदलली. आता जावा १७ वर ही जोडणी सुरू केली की ती पहिल्याच पावलाला अडखळते. तिला जावा ८ च हवी. मालदांडीच्या रानात वसुधा पेरण्यासारखेच आहे हे; वसुधा चांगली नाही असे नव्हे.

यंत्राचा प्रश्नही राहतोच. नेहमीच्या संगणकांतील प्रक्रियक एका घराण्याचा, आणि रास्पबेरी पायसारख्या हातावर मावणाऱ्या संगणकातील एआरएम प्रक्रियक दुसऱ्या घराण्याचा. जावाचा दुभाष्या स्वतः यंत्राच्या भाषेतच लिहिलेला असतो, त्यामुळे एका घराण्यासाठी बांधलेली इमेज दुसऱ्यावर उघडली तर ती सुरू होता होताच कोसळते. चांगल्या इमेजा एकाच चिठ्ठीखाली दोन्ही घराण्यांच्या प्रती ठेवतात आणि योग्य ती आपोआप मिळते. तरी पाय घेणार असाल तर इमेजच्या पानावर एआरएमचा उल्लेख आहे का ते पाहून घ्या.

काही चिठ्ठ्यांवर 'अल्पाइन' असा शब्द दिसेल. अल्पाइन ही लिनक्सची फार सडपातळ जात आहे. तिची मूळ इमेज दहा एमबीहूनही लहान असते. गावाकडे इंटरनेट हळू असेल तर मोह होतो. पण ती मूलभूत आज्ञांचा नेहमीचा साठा न वापरता दुसराच, लहानसा साठा वापरते, आणि काही मॉडना नेहमीचा साठाच लागतो. साधा खेळ असेल तर अल्पाइन खुशाल घ्या. मॉड असतील तर मी घेणार नाही. सर्वांचे मत असेच असेल असे नाही.

म्हणजे जुनेच धरून बसायचे का?

नाही. याचे उत्तर डिसेंबर २०२१ मध्ये साऱ्या जगाला मिळाले.

जावाच्या आज्ञावल्यांत नोंदवही ठेवण्यासाठी 'लॉग४जे' नावाचा एक साठा सर्रास वापरला जातो. काय घडले, कोण काय बोलले, ते त्यात टिपले जाते. त्यात एक भयंकर छिद्र होते. ठराविक धाटणीचा मजकूर नोंदवहीत उतरला, की तो मजकूर नुसता टिपून न ठेवता हा साठा त्यातील पत्त्यावर जाऊन तिथली आज्ञावली आणून चालवू शके! माइनक्राफ्टमध्ये खेळाडूंचे बोलणे नोंदवहीत उतरते. म्हणजे गप्पांच्या चौकटीत एक ओळ टाइप करून कोणालाही दुसऱ्याच्या सर्व्हरचा ताबा घेता आला असता. हे छिद्र जगजाहीर झाले तेव्हा त्याची प्रात्यक्षिके प्रथम दिसली ती याच खेळाच्या सर्व्हरांवर. बँकांपासून सरकारी खात्यांपर्यंत सर्वांची झोप उडाली ती नंतर. १० डिसेंबर २०२१ रोजी खेळाची १.१८.१ ही दुरुस्त आवृत्ती निघाली. १.७ पासून १.१८ पर्यंतच्या साऱ्या आवृत्त्या धोक्यात होत्या आणि जुन्या आवृत्त्यांसाठीही वेगळे उपाय प्रसिद्ध झाले. जे 'आमचे चालले आहे, हात लावू नका' म्हणून स्वस्थ बसले, त्यांचे दार उघडे राहिले.

तेव्हा आवृत्ती पक्की लिहायची ती कायमची नव्हे. तिचा अर्थ इतकाच, की बदल विजेच्या लहरीने होणार नाही, आपण ठरवू तेव्हा होईल. परीक्षा संपल्यावर एका शनिवारी बसावे. सर्व्हर बंद करावा. जगाच्या कप्प्याची पूर्ण प्रत दुसऱ्या तबकडीवर काढावी. त्या प्रतीवर (मूळ जगावर नव्हे!) नवी आवृत्ती चालवून पाहावी. कोठारात जाऊन पेट्या उघडाव्या. सारे ठीक दिसले म्हणजे मग मूळ जगाला हात लावावा आणि वहीत तारीख, खेळाची आवृत्ती, इमेजची चिठ्ठी लिहून ठेवावी.

आमच्या मुलांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. दोरीने तट मोजणाऱ्या त्या मुलीने कोणालाही न सांगता एका पेन ड्राइव्हवर जगाची प्रत काढून ठेवली होती. ती आठ दिवसांची जुनी निघाली. कोठारे परत मिळाली. पूर्वेकडचा एक बुरुज गेला. तो मुलांनी पुन्हा बांधला, आणि या खेपेला तो पहिल्यापेक्षा थोडा तिरपा झाला आहे असे माझे मत आहे. मुलांना ते मान्य नाही.

करून पाहा

जावाची कोणतीही रूपांतरित फाइल मिळवा. तुमच्या शाळेत जावा शिकवत असतील तर स्वतःच तयार करा. तिच्या नावाच्या शेवटी 'क्लास' असे असते. सोळाच्या पद्धतीने बाइट दाखवणाऱ्या आज्ञावलीत ती उघडा. या पद्धतीत ९ नंतर १० ते १५ या संख्यांसाठी ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे वापरतात, हे तुम्हाला माहीत असेल. पहिले चार बाइट दिसतील: सीए, एफई, बीए, बीई. सलग वाचा: 'कॅफे बेब'! जावाच्या कर्त्यांनी थट्टेने निवडलेली ही खूण जावाच्या प्रत्येक रूपांतरित फाइलच्या माथ्यावर असते. त्यानंतरचे दोन बाइट सोडा. सातव्या आणि आठव्या बाइटमध्ये घडणीचा क्रमांक आहे. तिथे ००, ३४ असे दिसले तर ३ गुणिले १६ अधिक ४, म्हणजे ५२. त्यातून ४४ वजा करा, जावा ८. तिथे ००, ४१ असेल तर ४ गुणिले १६ अधिक १, म्हणजे ६५; जावा २१. माझ्या सर्व्हरने ज्याची तक्रार केली होती, तो आकडा हाच.

आणि आठव्या बाइटमध्ये ३सी आढळले, तर ती फाइल कोणत्या जावाची, आणि माइनक्राफ्टच्या कोणत्या आवृत्तीने ती जावा प्रथम मागितली? कागदावर काढा. सी म्हणजे १२.